उंबराचा जिवंत बांदा

पैसा पुढच्या दाराने आत आला तेव्हा माझ्या भावाची अक्कल मागच्या दाराने बाहेर पडली. पैसा यथावकाश गेला, पण अक्कल काही परत आली नाही. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोलले नाही, कारण त्याच्या घरात मी त्याच्या ताटातलं उरलंसुरलं खात होते. आता तो नाही, ते घर नाही आणि मला बोलायला कुणाची चोरी उरलेली नाही.

अमेरिका नावाच्या मुलुखात म्हणे लढाई जुंपली होती. तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून साहेबाला आमच्या वऱ्हाडची आठवण झाली. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रीघ लागली. काल ज्याच्या अंगरख्याला ठिगळ होतं त्याच्या बैलांच्या शिंगांना आज चांदीच्या शेंब्या दिसू लागल्या. आमचे वडील पुराणिक होते. चातुर्मासात देवळात पुराण सांगायचं, उरलेले महिने पंचांग बघायचं, एवढ्यावर आमचं घर चालत होतं. डोळे अधू झाल्यावर त्यांना पोथी वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मला अक्षरओळख झाली. वडील गेले आणि दादाने पोथ्या माळ्यावर टाकून कापसाची अडत धरली. शेतकरी आणि व्यापारी यांच्या मध्ये उभं राहून दोघांकडून घ्यायचं, असा तो धंदा. गोड बोलण्यापलीकडे त्याला काही लागत नव्हतं, आणि तेवढं दादाकडे उपजतच होतं.

मग घरात एकेक वस्तू येऊ लागली. मुंबईहून घड्याळ आलं. ते घरात कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून वहिनीने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि ते देवघराशेजारी टांगलं. हंड्या-झुंबरं आली. ती लावण्याइतकं आमचं छत उंच नव्हतं, तेव्हा येणारा-जाणारा त्यांच्यावर डोकं आपटायचा आणि दादा कौतुकाने हसायचा. अंगणात, ओसरीवर, माजघरात, जिथे बघावं तिथे कापूस. वरणात तंतू, दुधात तंतू, अंथरुणात सरकी. दिवसभर सगळे शिंकत बसायचे आणि त्यालाच वैभव म्हणायचे.

माझं सासर अकोल्याचं. लग्न झालं आणि तिसऱ्या वर्षी नवरा पटकीने गेला. तो चांगला होता की वाईट, हे कळण्याइतकाही सहवास झाला नाही. पुढे काय झालं ते त्या काळच्या कुठल्याही बाईला सांगावं लागणार नाही: केस गेले, अंगावर लाल आलवण आलं आणि कपाळी एक नाव चिकटलं, पांढऱ्या पायाची. दिराच्या घरी मला गोठ्याला लागून असलेली खोली मिळाली. तिथे अर्धी जागा पेंढीची होती. दीर मला 'ए' म्हणायचा, जाऊ तेवढंही म्हणायची नाही, भिंतीकडे बघून काम सांगायची. पुढे वडिलांनी हयात असतानाच हट्टाने मला अमरावतीला आणवून घेतलं. ते गेल्यावर दादाने मला ठेवून घेतलं. त्यात त्याची माया किती आणि लोकलाज किती, याचा हिशोब मी मांडला नाही. इथे मला स्वयंपाकघराचा एक कोपरा होता, वाचायला वडिलांच्या पोथ्या होत्या आणि माणसं माझ्याकडे बघून बोलत होती. मला एवढं पुरे होतं, आणि एवढंच जाईल याची भीती मला रोज वाटायची.

त्यातून कापसाच्या तेजीने एक निराळंच संकट आणलं. मजुरी इतकी वाढली की अकोल्याला धुण्याभांड्याला बाई मिळेना. तेव्हा दिराला अचानक भावजयीची आठवण होऊ लागली. "आमची लक्ष्मी आमच्या घरी धाडा" असे निरोप येऊ लागले. पाच वर्षं जिला पेंढीजवळ निजवली ती लक्ष्मी झाली, कारण ती फुकट होती.

वहिनीबद्दलही सांगायला हवं. ती गोरी, जाडसर, दागिन्यांची हौशी आणि बोलायला अगदी बेताची होती. दादा म्हणेल ते खरं. दादाने घड्याळाला देव म्हटलं तर ती घड्याळाला नैवेद्य दाखवणार. तिला मूल नव्हतं. पैसा आल्यावर दादाचे अडत्ये मित्र त्याला उघडपणे दुसऱ्या लग्नाचं सुचवू लागले होते, आणि दादा ओसरीवर बसून मिशीत हसत "पाहू" म्हणायचा. वहिनी आतून पानाचं तबक पाठवायची. मला तिची चीड यायची. हिच्या डोक्यातही कापूसच भरलाय, असं माझं स्पष्ट मत होतं.

तर अशा त्या दिवसांत एक गोसावी आला.

भरल्या घरी असले लोक बरोबर येतात. त्याने दादाचा हात पाहिला, कोठीचं दार पाहिलं, तोंड वाईट केलं आणि सांगितलं की पैसा येतोय पण थांबणार नाही. उपाय एकच, उंबराचा बांदा. बांदा म्हणजे झाडावर उगवणारं दुसरं झाड. ते ज्याच्यावर बसतं त्याचाच रस पिऊन जगतं. उंबरावरचा बांदा रोहिणी नक्षत्रावर विधीने आणून कोठीपाशी ठेवला की तो चारी बाजूंचं धन ओढून आणतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. माझ्या वडिलांनी जन्मभर नक्षत्रं मोजली, पण एवढं स्वस्त नक्षत्र त्यांना कधी सापडलं नव्हतं.

विधी मोठा थाटाचा होता. आदल्या संध्याकाळी त्या झाडाला जाऊन आमंत्रण द्यायचं, अक्षता आणि सुपारी ठेवायची, "उद्या तुला न्यायला येतो" म्हणायचं. दुसऱ्या दिवशी उजाडताच कुणाशी न बोलता जायचं, बांदा काढायचा आणि मागे न बघता घरी यायचं. गावाबाहेर नाल्याकाठी एक उंबर गोसाव्याने आधीच हेरून ठेवला होता. दादाने तोंडाला फडकं बांधून, चुकूनही बोलणं होऊ नये म्हणून तोंडात सुपारी धरून हा सगळा पराक्रम केला. वाटेत एक ओळखीचा शेतकरी "काय अडत्येबुवा, सकाळीच कुठे?" म्हणाला तर त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तो बिचारा आठवडाभर विचार करत बसला की माझं काय चुकलं.

बांदा घरी आला. जाड, कातड्याच्या पट्ट्यांसारखी पानं दोन्ही बाजूंनी निघालेली, खाली पांढरट मुळांचा गुंता, आणि हे सगळं एका हातभर लाकडाला घट्ट धरून बसलेलं. वरून गोसाव्याने तांब्याची पट्टी बांधली होती. तिच्यावर खिळ्याने कोरलं होतं: 'औदुंबर बांदा. रोहिणी.' मी लांबूनच पाहिलं. लाकडाची साल उंबराची नव्हती, मोहाची होती. त्या लाकडावर सुंभाचा वळही दिसत होता. म्हणजे डोंगरातून हे कुठलंतरी झाड मोहाच्या फांदीसकट आणून याने ते उंबराला बांधलं होतं, आणि माझ्या भावाने त्याला रीतसर आमंत्रण देऊन घरी आणलं होतं. गोसाव्याने शेंडी लावली होती, आणि दादाने ती आनंदाने लावून घेतली होती.

हे मी बोलून दाखवलं नाही. मला विचारलं कुणी?

"बच्चा, सूखा बांदा तिजोरी में, हरा बांदा दरवाजे पे," गोसावी म्हणाला. हा जिवंत बांदा आहे, हिरवा आहे तोवर भाव चढता राहील, सुकला की बसलाच. आणि याला पाणी घालायचं नाही, हा बाजारातूनच ओढून पिईल. एवढं सांगून भरपूर दक्षिणा घेऊन तो गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही.

दादाने कोठीच्या दारावर, ओसरीच्या वाशाला तो बांधला. मग माझ्याकडे वळला.

"तू याले हात लावू नको बरं. तुही सावली बी पडू देऊ नको याच्यावर."

"मले काय करायचा तुझा बांदा," मी म्हटलं.

एक उन्हाळा गेला की कळेल, असं मी मनात म्हटलं. अमरावतीच्या उन्हाळ्याची कीर्ती मी सांगायला नको. चैत्र लागला आणि त्या पानांच्या कडा मुडपू लागल्या. दादा रोज सकाळी खाली उभा राहून वर बघायचा आणि "हिरवा हाये, हिरवा हाये" म्हणत बाजारात जायचा. त्याचे मित्र यायचे, तेही मान वर करून बघायचे. एवढे शहाणे गृहस्थ, पण या हातभर लाकडात बाजार पिण्याइतकं काय आहे, असं एकालाही वाटलं नाही.

मला मात्र एक गोष्ट लख्ख दिसत होती. हे सुकलं तर खापर माझ्यावर फुटणार. हिची सावली पडली, हिने बघितलं, हिचा श्वास लागला, काहीही म्हणतील, आणि मला अकोल्याच्या गाडीत बसवतील. म्हणून मी त्याला पाणी घालू लागले. दया-माया काही नव्हती. दुपारी जेवणं झाली की सगळं घर घोरत पडायचं. मी उखळ उलटं घालायचे, त्यावर चढायचे आणि लोटीभर पाणी त्या मुळांवर हळू हळू सोडायचे. मुळं पांढरी होती, पाणी लागताच हिरवी व्हायची. ते बघायला मला बरं वाटायचं हे मात्र खरं. आणि माझ्या ध्यानात आलं की हा बांदा नव्हेच. बांदा ज्या फांदीवर बसतो ती तोडली की तो मरतो, कारण त्याचा रस तुटतो. हे तर तोडलेल्या वाळक्या लाकडावर बसून खुशाल नवं पान काढत होतं. हे कुणाचंच काही पीत नव्हतं. अख्ख्या घरात असं ते एकटंच होतं.

तो उन्हाळा गेला, पावसाळा गेला, कापसाचा दुसरा हंगाम आला. भाव चढले, आणि दादा बांद्याला उदबत्ती ओवाळू लागला. उदबत्ती पाहून माझं तोंड वाकडं व्हायचं, पण मी ते पदराआड ठेवायचे. बांदा हिरवा होता, माझा कोपरा शाबूत होता.

मग त्या लढाईवाल्यांना एकदम शहाणपण सुचलं आणि त्यांनी लढाई थांबवली. बातमी अमरावतीत पोचली आणि बाजार कोसळला. अडत्ये एकमेकांच्या ओसऱ्यांवर डोकं धरून बसले. कालपर्यंत जे सांगत होते की भाव आमच्या हुशारीने चढतो, ते आता विचारत होते की पडला कुणामुळे. आपल्यामुळे पडला असेल असं एकालाही वाटलं नाही. दादा तर दिवसातून दहादा येऊन बांदा बघायचा. बांदा हिरवागार! बुडातून एक लांब हिरवट शेपटीही खाली लोंबू लागली होती. मला वाटलं नवं मूळ असेल.

"हिरवा असून भाव कावून पडला?" तो स्वतःशीच बोलायचा. "कोनीतरी भ्रष्ट केला याले."

एके दिवशी दुपारी त्याला झोप लागली नाही. मी उखळावर उभी होते, लोटी हातात होती, आणि तो कोठीच्या दारात आला.

"काय करून राहिली तू?"

"पानी घालून राहिली."

"कधीपासून?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्या चेहऱ्यावर इतका बावळट विजय पसरला होता की मला तो सहनच झाला नाही. "तू बांधला तवापासून," मी म्हटलं. "नाईतर पहिल्या चैत्रातच याची काडी झाली असती. तुले कळलं तरी असतं काय?"

झालं. जे शोधत होता ते त्याला सापडलं. विलायत नाही, अमेरिका नाही, बोडकीचा हात! त्याने घर डोक्यावर घेतलं. गडी जमले, शेजारी डोकावले. वहिनी माजघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती, मख्ख. तिने एक शब्द उच्चारला असता तर मला आधार वाटला असता, पण ती पानाचं तबक आणायला आत निघून गेली. दादाने त्याच दिवशी अकोल्याला माणूस धाडला. वटपौर्णिमेला गाडी पाठवा, दुसऱ्या दिवशी हिला घेऊन जा. दिराचा होकार लगेच आला. एवढ्या तातडीने त्याने आपल्या भावाच्या तिरडीचीही व्यवस्था केली नव्हती.

माझं गाठोडं बांधायला वेळ लागला नाही. दोन आलवणं, एक तांब्या, वडिलांची एक पोथी. ती पेंढीची खोली मला रोज डोळ्यांपुढे दिसायची. मी रडले, चांगली रडले, आणि रडताना मला जेवढ्या शिव्या माहीत होत्या तेवढ्या दादाला घातल्या. तो पंधरवडा मी ओसरीकडे फिरकलेही नाही. मरेना का ते झाड, असं म्हटलं.

वटपौर्णिमा आली. वहिनी शालू नेसून, नथ घालून, सूत-आंबे-हळदकुंकू ताटात घेऊन गल्लीतल्या बायकांबरोबर वडाला गेली. असल्या दिवशी मी कुणाच्या समोर यायचं नसतं, म्हणून मी मागे परसातच होते. घर रिकामं झाल्यावर पुढे आले आणि ओसरीवर पाय थबकले.

ती शेपटी फुलली होती. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, मनगटाएवढी जाड, वरपासून खालपर्यंत बारीक बारीक फुलांनी गच्च भरलेली. पांढरी फुलं, त्यांवर जांभळट गुलाबी ठिपके. घट्ट विणलेल्या वेणीसारखी ती वाऱ्यावर हलत होती. त्या तंतूंनी, सरकीने, तुपकट पैशाने भरलेल्या घरात ही वस्तू कुठून आली, असं मला वाटलं. पुढे पुष्कळ वर्षांनी मला कळलं की डोंगरातल्या बायका याला सीतेची वेणी म्हणतात, आणि साहेब लोक ऑर्किड म्हणून बंगल्यात मोठ्या निगुतीने वाढवतात. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला फक्त आनंद झाला. उद्या गाडीत बसायचं होतं, तरी झाला. मी उखळावर चढले आणि फुलांत नाक खुपसलं. मंद, गोडसर वास होता. नवरा गेल्यापासून मी फुलाचा वास घेतला नव्हता. वरती ती तांब्याची पट्टी तशीच लटकत होती, औदुंबर बांदा म्हणून.

दाराशी गाडीचे घुंगरू वाजले. अकोल्याची गाडी आली होती. तिच्या मागोमाग दादा आणि त्याचे दोन अडत्ये मित्र. मी झटकन उतरून दाराआड झाले.

दादाने वर पाहिलं आणि किंचाळलाच. "फळला! बांदा फळला!"

मित्रांनी हात जोडले. एकाने तर चक्क जोडे काढले. ज्याला विकत घ्यायला कुणी नव्हतं असा कापूस कोठीत तुंबला होता, आणि हे तिघे त्या कोठीच्या दारात फुलाला नमस्कार करत होते.

"पाह्यलं?" दादा म्हणाला. "हिचा हात बंद केला आन् पंधरा दिसांत फुललं! दीड वरीस हिनंच अडवून धरलं होतं सारं."

"मंग भाव बी चढतीन आता," मित्र म्हणाला.

"चढतीनच. ही उद्या गाडीत बसली का चढलेच समजा."

मी दाराआड उभी होते. मला रडूच येईना. मूर्खपणालाही एक तळ असतो अशी माझी समजूत होती, ती त्या दिवशी गेली. जे मी जगवलं तेच आता माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं, आणि तेही असं फुलून!

एवढ्यात वहिनी वडाहून आली. पायरीवर थांबली, ताट हातात, कपाळावर बायकांनी लावलेल्या हळदकुंकवाचा मळवट. तिने फूल पाहिलं, गाडी पाहिली. दादाने तिला सगळा चमत्कार पुन्हा सांगितला. ती आत जाईल आणि पान पाठवेल, म्हणून मी बाजूला सरले.

"पानी बंद झालंच नोतं," ती म्हणाली.

"काय?"

"वन्सं थांबल्या तवापासून मी घालत होती. दुपारी. उखळावर चढून."

मी दाराच्या फटीतून तिचं तोंड बघत होते. ते नेहमीसारखंच मख्ख होतं.

"कोनी सांगतलं तुले?" दादाने विचारलं.

"कोनी नाई. सुकून राहिलं होतं. मले दिसलं."

"बरं बरं. तू सवाशीन हायेस, तुह्या हातानं फुललं मंग. जा आत. मानसं बसली हायेत."

इथे ती आत जायला हवी होती. नवऱ्याने वाट काढून दिली होती, मान दिला होता, दोन मित्रांसमोर. ती गेली नाही.

"पंधरा दिसांत झाड वाढत नाई," ती म्हणाली. "वन्संनी वाढवलं. त्यायची गाडी परत धाडा, मंग जातो मी आत."

"तुले काय कळते यातलं?"

"मले काईच कळत नाई. म्हणून विचारून राहिली. भाव पडला त वन्संचा हात दिसला. वन्सं गेल्यावर बी पडला, त कोनाचा दिसन? माहाच ना? घरात दुसरी बाई कोन हाये?" मग तिने ताट खाली ठेवलं. "आत्ता वडाले सात जन्म मागून आली मी. हेच घर, हाच नवरा. सात जन्म तुमचा बाजार माह्या आंगावर कावून घेऊ? वड काई लांब नाई. जाऊन दोरा उकलून येतो."

माझा भाऊ मी पुष्कळ रंगांत पाहिला होता, पण असा पांढरा कधी पाहिला नाही. सवाष्णीने वटपौर्णिमेला नवऱ्याच्या आयुष्यासाठी गुंडाळलेला दोरा स्वतःच्या हाताने उकलायचा! गोसाव्याच्या तांब्याच्या पट्टीवर ज्याचा विश्वास होता, त्याला हे काय वाटलं असेल ते सांगायला नको. त्याचा हात आपोआप गळ्यातल्या ताइताकडे गेला. जोडे काढलेला मित्र "वयनी, असं नोका बोलू, आजचा दिस कोनता हाये" म्हणू लागला. दुसरा हळूच पायरीकडे सरकला. वहिनीने खरंच पाठ फिरवली आणि दोन पायऱ्या उतरली.

"थांब," दादा म्हणाला. "थांब ना. कोनं म्हटलं जा म्हणून?" आणि मग गाडीवाल्याकडे बघून, सगळा राग त्याच्यावर काढत: "बैलाले चारापानी कर आन् नीघ. कोनी येत नाई."

मी राहिले. भाव चढले नाहीत, पुढे आणखी पडले. झुंबरं विकली गेली. घड्याळ गेलं, तेव्हा त्याच्या कपाळावर कुंकवाचा थर होता, तो घेणाऱ्याने खरवडून काढला. दुसऱ्या लग्नाची गोष्टही सरकीच्या भावाने गेली. पण पुन्हा कुणी माझ्या हाताचं नाव काढलं नाही. दादा नाव काढणार असं दिसलं की वहिनी नुसती दाराकडे बघायची, आणि तो गप्प व्हायचा.

त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. सगळे गेल्यावर वहिनी स्वयंपाकघरात आली आणि माझ्या कोपऱ्यात, माझ्याजवळ बसली. नथ काढून नाक चोळत होती. इतकी वर्षं जिला मी कापूस समजत आले तिच्याकडे मी वळून बसले. जे मनात होतं तेच विचारलं.

"खरंच गेल्या असत्या? दोरा उकलला असता?"

"उकलायले गुंडाळला त पाह्यजे ना, वन्सं," ती म्हणाली.

तिने ओचा सैल केला आणि आतून सुताची गुंडी काढली. अख्खी, एक वेढाही न सुटलेली.

"गर्दीत कोन पाह्यते," ती म्हणाली, आणि गुंडी माझ्या मांडीवर टाकली. "घ्या. वाती वळा याच्या."